घरातल्या घरात उत्तमराव

उत्तमराव आमच्या घरात शिरले त्याच्या आधी त्यांचा सल्ला शिरला. गारखेड्यातल्या त्या जुन्या इमारतीत आम्ही राहायला आलो तो दिवस. नवरा दाराच्या चौकटीत स्क्रू पिळत होता. स्क्रू अर्ध्यात जाऊन अडला होता आणि नवऱ्याचं तोंड लाल झालं होतं. इतक्यात जिन्यातून आवाज आला, "साबण लावा."

आम्ही वळून पाहिलं. कुणी दिसेना.

"अंगाचा साबण. स्क्रूला घासा अन् मग पिळा. नुसत्या जोरानं काय व्हतंय?"

मग वरच्या मजल्यावरून आधी पायजमा, मग बंडी, मग एका काडीच्या जागी दोरा बांधलेला चष्मा अशा क्रमानं उत्तमराव खाली उतरले. साबण लावला. स्क्रू पेढ्यात बोट जावं तसा आत गेला. नवऱ्यानं आभार मानले आणि चहा पाजला. तिथंच आमचं चुकलं. पहिला उपाय खरा निघाल्यामुळं पुढचे सगळे ऐकून घेणं भाग पडलं.

उत्तमराव मूळचे कन्नड तालुक्यातले. भाऊ शेतावर, हे शहरात. एका सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळून निवृत्त झालेले. निवृत्तीनंतर माणसं देवाला जातात, गावाला जातात, निदान चौकात तरी जाऊन बसतात. उत्तमराव घरात बसले. "बाहेर काय ठेवलंय?" असं ते विचारायचे आणि उत्तराची वाट न बघता स्वतःच सांगायचे, "जे लागतंय ते समदं घरातल्या घरात व्हतंय." हे 'घरातल्या घरात' त्यांच्या बोलण्यात इतक्यांदा यायचं, की इमारतीतली पोरं त्यांना पाठीमागे त्याच नावानं ओळखायची. घरातल्या घरात डास जातात, घरातल्या घरात पितळ चमकतं, चपलेचा अंगठा शिवता येतो, दुखरा दात गप्प बसतो. ते फक्त केस कापायला बाहेर पडत. तेही घरातल्या घरात करून पाहिलं होतं म्हणे, एकदा.

त्यांच्या मनगटावर रबरबँड असायचे, बायकांच्या हातात बांगड्या असतात तसे. त्यांच्या स्वयंपाकघरात फरशीच्या भिंतीवर धुतलेल्या दुधाच्या पिशव्या चिकटवून वाळत घातलेल्या असत. दुसऱ्याच्या घरी गेले की ते खुर्चीवर बसत नसत, सरळ ओट्याकडे जात. डब्याचं झाकण उघडत, नाक आत घालत आणि निकाल देत. "रव्यात किडे व्हतील. भाजून ठेवा." "मिठात चार तांदळाचे दाणे टाका, पाणी सुटणार नाय." यातलं पुष्कळ खरं असायचं, हीच तर पंचाईत होती. साफ खोटं बोलणाऱ्या माणसाला दार लावता येतं. उत्तमराव निम्मं खरं बोलत, आणि खरं निम्मं कोणतं ते आधी कळायला मार्ग नव्हता.

पाण्याच्या बाबतीत मात्र त्यांना हसायची आमची छाती नव्हती. नळाला पाणी कधी येईल याची वाट बघण्यात या शहराचं निम्मं आयुष्य जातं. उत्तमरावांच्या घरी तांदूळ धुतलेलं पाणी भांड्यांना जाई, भांड्यांचं फरशीला आणि फरशीचं कुंडीतल्या अळूला. अळूच्या वड्या त्यांनी आम्हाला आग्रहानं खाऊ घातल्या होत्या. पाण्याची ही वंशावळ त्यांनी वड्या खाऊन झाल्यावर सांगितली. पाहुण्याला ते अर्धा पेला पाणी देत. "आधी एवढं पिऊन घ्या. तहान राह्यली तर आहेच की."

पण एक गोष्ट माझ्या लवकरच लक्षात आली. उपाय उत्तमरावांचे होते, हात त्यांच्या बायकोचे, शकुंतलाकाकूंचे. दुधाच्या पिशव्या काकू धूत. तांदळाचं पाणी काकू उचलत. पितळेवर चिंच काकू घासत, आणि उत्तमराव मागे उभे राहून "गोल-गोल, गोल-गोल" म्हणत. मग भांड्याचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर पडे: "आज आम्ही तांब्या चकचकीत केला." त्या 'आम्ही'मध्ये काकूंचा अंगठासुद्धा दिसत नसे.

त्यांच्या मुलीला, वर्षाला, बघायला खुलताबादहून पाहुणे आले तेव्हा काकूंनी मला वाढायला बोलावलं होतं. मुलगा सचिन, फळबाग बघणारा. त्याचे वडील नाना, पांढराशुभ्र शर्ट घालून पाटावर ताठ बसलेले. काकूंचा रस्सा झणझणीत झाला होता. नानांनी वाटी उचलली, हात भाजला आणि रस्सा थेट छातीवर.

"हालू नका!" उत्तमराव ओरडले. इतकी वर्षं जणू याच क्षणासाठी तयारी केली असावी, तसे ते उठले.

"राहू द्या हो, घरी गेल्यावर बघू," नाना म्हणाले.

"राहू द्या म्हणलं की डाग राहतोय. शर्ट काढा."

सोयरीक जमवायला आलेला माणूस परक्या घरात जेवता जेवता बनियनवर आला. उत्तमरावांनी शर्ट मोरीत नेला आणि डागावर धुण्याचा सोडा चोळला. या खेपेला स्वतःच्या हातानं. प्रसंगच तसा होता. हळदीचा पिवळा डाग बघता बघता लालभडक झाला. पाहुण्याला कुणीतरी सुरा खुपसल्यासारखा दिसायला लागला तो शर्ट.

"आवो, हे काय केलं! रगतच दिसू राह्यलं!" काकूंनी तोंडाला पदर लावला.

उत्तमरावांचा चेहरा क्षणभर उतरला. क्षणभरच. मग ते शर्ट झेंड्यासारखा धरून बैठकीत आले आणि म्हणाले, "घाबरू नका. डाग बाहेर निघू राह्यलाय. आजार निघताना ताप येतो का नाय? तसं. आता ह्याला फक्त ऊन दाखवायचं."

शर्ट गच्चीवर गेला. कबुतरांनी त्यावर आणखी काही करू नये म्हणून सचिन आणि वर्षाला राखणीला पाठवलं. खाली नाना उत्तमरावांचा शर्ट घालून बसले. त्या शर्टाची बटणं त्यांच्या पोटावर लागत नव्हती. उत्तमराव त्यांना सीताफळाच्या बियांचे फायदे सांगत होते, सीताफळाच्या गावच्या माणसाला. नाना एकदा माझ्याकडे, एकदा दाराकडे बघत. कुणीही उठून गेलं असतं, पण शर्ट गच्चीवर होता.

आणि खरंच सांगते, उन्हं कलली तोवर डाग गेला होता. हळद उन्हाला टिकत नाही, हे नंतर मी माझ्या घरी करून पाहिलंय. दोघं शर्ट घेऊन खाली आली तेव्हा वर्षा लाजत होती आणि सचिन उगाचच हसत होता. नानांनी पोराचं तोंड बघितलं आणि कपाळावर हात मारला. "आता कसलं इचारता? शर्ट वाळला तवर पोरांनी जमवून बी घेतलं."

लग्न थाटात झालं. मांडवात उत्तमराव जो भेटेल त्याला हळदीच्या डागावरचा उपाय सांगत होते. सोयरीक सोड्यानं जमली, अशीच त्यांची समजूत होती.

वर्षा सासरी गेली आणि उपायांना ऊत आला. घरात अडवणारं कुणी उरलं नव्हतं. एकदा त्यांच्या बाथरूमचं पाणी तुंबलं. उत्तमरावांनी जाळीवर खायचा सोडा टाकला, वर लिंबं पिळली. पांढरा फेस उसळला. आम्हाला वर बोलावून दाखवला. "बघा, आत काम चालू झालं." फेस बसला. पाणी होतं तिथंच होतं. "घटकाभर मुरलं पायजे," असं म्हणून ते जेवले आणि नेहमीप्रमाणं डोळ्यांवर ओलं फडकं ठेवून झोपले. दुपारची त्यांची ही झोप फार गाढ असे. त्यांचं घोरणं आमच्या छतातून ऐकू येई.

त्याच दुपारी मी जिन्यात आले तर एक माणूस चपला हातात घेऊन पाय न वाजवता वर चढत होता. खांद्यावर तारेचं लांब वेटोळं. शहागंजकडचे अस्लमभाई, नळ-गटारीची कामं करणारे. वर काकू दार किलकिलं करून उभ्या.

"भाबी, साब सोए क्या?"

"हौ. हळू या," काकू कुजबुजल्या.

थोड्या वेळानं अस्लमभाई तसेच चपला हातात घेऊन उतरले. संध्याकाळी ग्रुपवर फोटो: "सोडा-लिंबू. मोरी मोकळी. घरातल्या घरात." इमारतीतल्या निम्म्या बायकांनी तो उपाय केला आणि दुसऱ्या दिवशी अस्लमभाईंना फोन केला. मला एकदा ते जिन्यात म्हणाले, "साब के हात में बरकत है बाजी. जब से नुस्खे बताने लगे, इस बिल्डिंग में मेरेकू फुरसत नै."

कुकरची शिट्टी, मिक्सरचं भांडं, टपकणारा नळ, सगळं तसंच. उत्तमराव उपाय करत, झोपत. काकू माणूस बोलावत. उत्तमराव उठून फोटो काढत. सगळ्या इमारतीला हे ठाऊक होतं. एकदा न राहवून मी काकूंना विचारलं, "तुम्ही सांगत का नाही त्यांना?"

काकू मेथी निवडत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "जन्मभर दुसऱ्याच्या कागदावर शिक्के मारले त्यांनी. कचेरीत कुणी कधी इचारलं नाय, बाबा तुझं काय म्हणणं हाये. आता चार लोकं इचारतेत. मोरीच साफ करायची ना? घेते मी करून."

मला तेव्हा त्यांचं कौतुक वाटलं. आज तेवढं वाटत नाही.

टँकरच्या पाण्यानं आमच्या सगळ्यांच्या बाथरूमच्या फरश्यांवर पांढरा थर चढतो. घासून निघत नाही. उत्तमरावांनी मोबाईलवर एकाचं ऐकलं की ॲसिडनं जातो, दुसऱ्याचं ऐकलं की ब्लीचिंग पावडरनं जातो. कुणीही एक निवडलं असतं. उत्तमरावांनी हिशोब केला की एकानं एवढं, तर दोन्हींनी दुप्पट. एका सुट्टीच्या सकाळी त्यांनी दोन्ही एका बादलीत मिसळलं, बादली बाथरूममध्ये ठेवली आणि घासायला अर्थातच काकू आत गेल्या. वास बाहेर येऊ नये म्हणून दार लोटून घेतलं.

"ताई! ओ ताई!"

उत्तमरावांचा तसला आवाज मी कधी ऐकला नव्हता. आम्ही दोघं धावत वर गेलो. जिन्यातच नाकात तिडीक उठली. काकू बाथरूमच्या उंबऱ्यावर पडल्या होत्या. डोळ्यांतून धारा, श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज. आणि उत्तमराव त्यांच्या नाकाशी चिरलेला कांदा धरून बसले होते.

"हुंगतच नाय ती," ते मला म्हणाले. "कांदा हुंगला की बरं वाटंल. जरा तुम्ही सांगा."

नवऱ्यानं काकूंना उचलून गॅलरीत नेलं. मी तोंडावर ओढणी घट्ट धरून खिडक्या उघडल्या. रिक्षात बसेपर्यंत उत्तमरावांच्या हातात तो कांदा होता.

दवाखान्यात काकूंना ऑक्सिजन लावला. थोडं बरं वाटल्यावर डॉक्टरांनी विचारलं, "ॲसिड आणि ब्लीचिंग एकत्र कुणी केलं? त्यातून विषारी वायू सुटतो, माहिती नाही? बंद खोलीत जीव जातो माणसाचा."

काकूंनी तोंडावरचा मास्क बाजूला केला. "मीच केलं, डॉक्टरसाहेब. मला काय कळतंय त्यातलं."

मग डॉक्टरांनी काकूंनाच फैलावर घेतलं. शिकल्या-सवरल्या घरात राहता, डबीवर लिहिलेलं वाचत नाही, नसते प्रयोग करता. काकू मान हलवत ऐकून घेत होत्या. उत्तमराव कॉटच्या पायाशी उभे होते. मनगटावरचे रबरबँड एकेक करून ओढत होते, सोडत होते. तोंडाचा पट्टा कधी न थांबलेला माणूस, आणि बोलायची वेळ आली तेव्हा गप्प. तोवर मी त्यांना हसत आले होते. त्या दिवशी हसू आलं नाही, संताप आला.

काकू घरी आल्या पण खोकला राहिला. जिना चढताना दोनदा बसत. वर्षा आली आणि डोंगरावरच्या मोकळ्या हवेला म्हणून त्यांना खुलताबादला घेऊन गेली. उत्तमराव गेले नाहीत. "नळाला पाणी आलं तर भरणार कोण?" असं कारण त्यांनी दिलं. वर्षानं ते ऐकलं आणि आईची पिशवी उचलली.

ग्रुपवर सामसूम झाली. अळू वाळला. काही दिवसांनी उत्तमरावांची मोरी पुन्हा तुंबली. त्यांनी सोडा टाकला, लिंबं पिळली, जेवले, झोपले. उठून बघितलं तर पाणी तिथंच. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, तिसऱ्याही. शेवटी ते आमच्या दारात आले. "यंदाचा सोडाच भेसळीचा निघाला," म्हणाले. "तुमच्याकडं कुणी माणूस असंल तर..."

मी अस्लमभाईंना फोन केला आणि त्यांना घेऊन वर गेले. उत्तमरावांनी दार उघडलं. माझ्या तोपर्यंत लक्षातच आलं नव्हतं, की अस्लमभाईंनी या माणसाला कधी जागं पाहिलेलंच नाही. पाहिलं होतं ते डोळ्यांवर फडकं घेऊन घोरताना. ते सवयीनं चपला हातात घेऊन उभे राहिले आणि आवाज खाली आणून उत्तमरावांनाच विचारते झाले, "साब सोए क्या?"

"कौन साब?"

"वो नुस्खेवाले. भाबी हमेशा बोलते, साब सोए तो आओ, उठने के पहले काम करके जाओ. उनकू मालूम नै पडना." मग जरा थांबून, "आप भाबी के भाई क्या?"

जिन्यात कुठं लपायला जागा असती तर मी लपले असते. उत्तमराव माझ्याकडे बघत नव्हते. त्यांनी दार पूर्ण उघडलं आणि बाजूला झाले.

"हौ," ते म्हणाले. "सो गए साब. तुम करो काम."

अस्लमभाईंनी तार आत घातली, फिरवली, केसांचा गुंता ओढून काढला. पाणी घों करून गेलं. उत्तमराव शेवटपर्यंत उभं राहून बघत होते. 'गोल-गोल' म्हणाले नाहीत.

संध्याकाळी ते खाली आले. ओट्याकडे न जाता खुर्चीवर बसले. तिथं त्यांना बसलेलं मी पहिल्यांदा बघत होते.

"तुम्हाला ठाऊक व्हतं?"

"हो काका."

"समद्या बिल्डिंगला?"

मी मान हलवली.

"कुकरचं बी?"

"कुकरचं पण."

"मिक्सर?"

"मिक्सरही."

मनातल्या मनात ते एकेक वस्तू तपासत असावेत. मला राहवेना. "पण स्क्रूला साबण लावायचं खरं आहे, काका. आम्ही अजून लावतो."

"ते माझं नाय," उत्तमराव म्हणाले. "ते आमच्या बापाचं व्हतं."

मग पायजम्याच्या नाडीशी चाळा करत म्हणाले, "दवाखान्यात मी बोलाया पायजे व्हतं."

"हो," मी म्हणाले. त्यांना बरं वाटावं म्हणून दुसरं काही बोलता आलं असतं, पण ते खरं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली. "नळ आला तर भरा. नाय तर राहू द्या." एवढंच. हातात एक पिशवी, अंगात इस्त्री केलेला शर्ट. पुढचं मला वर्षानं फोनवर सांगितलं. बसस्टँडला जायच्या आधी ते त्या दवाखान्यात गेले, नंबर लावून बसले आणि डॉक्टरांसमोर उभं राहून म्हणाले, "त्या दिवशी बादलीत मी मिसळलं व्हतं. बाईनं नाय." डॉक्टरांना कोणती बाई ते आठवेना. त्यांनी विचारलं, "तुम्हाला काय त्रास होतोय?" उत्तमराव म्हणाले, काही नाही, आणि फी देऊन बाहेर आले. मग खुलताबादला जाऊन त्यांनी नानांसमोर, सचिनसमोर, शेजारी टेकायला आलेल्या बायकांसमोरही तेच सांगितलं. काकू वैतागल्या. "आता गावभर दवंडी द्यायची काय गरज व्हती? मी निभावलं व्हतं ना?"

"तेच तर," उत्तमराव म्हणाले म्हणे.

ते दोघं परत आले नाहीत. काकूंनी साफ सांगितलं की तो जिना आपल्याच्यानं होत नाही. वरच्या घरात आता भाडेकरू आहेत. त्यांची मोरी तुंबली की ते भरदुपारी, मोठ्यानं हाका मारून माणूस बोलावतात.

मागच्या सीताफळांच्या दिवसांत आम्ही खुलताबादला गेलो होतो, तेव्हा वर्षाच्या अंगणात त्यांना पाहिलं. काकू बाजेवर बसल्या होत्या, अंगानं थोड्या भरल्या होत्या, खोकला अधूनमधून होता. समोर गवतात सीताफळांचा ढीग. उत्तमराव खाली पोत्यावर मांडी घालून बसले होते आणि एकेक फळ उचलून काकूंपुढं धरत होते.

"ह्यो?"

काकू अंगठ्यानं हलकंच दाबून बघत. "उद्या."

"अन् ह्यो?"

"परवा. अन् तुम्ही इतकं दाबू नका, काळं पडतंय."

मी जवळ बसले. "काका, खायला झालेलं सीताफळ ओळखायचं कसं हो?"

उत्तमरावांची मान वर झाली. पाठ ताठ झाली, तर्जनी उठली. "त्याचं असंय ताई..." ते म्हणाले आणि थांबले. काकू त्यांच्याकडे बघत होत्या. पदर तोंडाला होता. खोकत होत्या की हसत होत्या ते दिसलं नाही.

"हिला इचारा," उत्तमराव म्हणाले आणि पुढचं फळ उचललं. "ह्यो?"

काकूंनी ते घेतलं, फिरवून बघितलं, देठाशी दाबलं. "हे झालंय. द्या त्यांना."

उत्तमरावांनी ते दोन्ही हातांनी फोडून माझ्यापुढं धरलं. अर्धं फळ पार कच्चं होतं. दोघंही माझ्या तोंडाकडे बघत होते. मी पहिला घास खाल्ला आणि गोड आहे म्हणाले.